घरांतलें वेळापत्रक

बत्तीस वर्षें मीं शाळेचें वेळापत्रक तयार केलें. मी मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. परंतु आमच्या मुख्याध्यापकांचा असा समज झाला होता कीं, वेळापत्रक मीच करावें. दर जून महिन्यांत एक मोठा ड्रॉइंग-पेपर जमिनीवर पसरून मी पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसें. तीन दिवसांनीं तो कागद शिक्षकांच्या खोलींत भिंतीवर लागे, आणि मग वर्षभर घंटा वाजली कीं साऱ्या शाळेंत जो तो आपापल्या वर्गाकडे निघे. सेवानिवृत्त झालों त्या दिवशीं वाटलें, चला, वेळापत्रकांतून सुटलों. तसें कांहीं झालें नाहीं. तेंच काम माझ्या घरच्या भिंतीवर माझी वाट पाहत होतें.

पाणी चढविणारा पंप, पाणी तापविणारा गीझर, व्हरांड्यांतील दिवे, यांना वेळा नेमून देणारी एक कांचेची पाटी हल्लीं पुष्कळ घरांच्या भिंतींवर दिसूं लागली आहे. इंजिनियर लोक तिला टचस्क्रीन म्हणतात. मी जुना मास्तर, म्हणून पाटीच म्हणेन. तिच्यावर बोट टेकवावें, वेळ सांगावी, आणि मग पंपानें, गीझरनें त्या त्या वेळीं आपापलें काम करावें, अशी योजना असते. ही पाटी कशी आखलेली असावी, म्हणजे घरांतल्या कोणालाही ती वापरतां येईल, हा आजचा माझा विषय आहे. यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, तिनें मला एकदां चांगलेंच फसविलें.

मागील उन्हाळ्यांतली गोष्ट. शहराच्या आमच्या भागांत तेव्हां एक दिवसाआड पाणी येत होतें. सकाळीं नळाचें पाणी अंगणांतल्या हौदांत पडे, आणि दुपारीं पंप लावून तें गच्चीवरच्या टाकींत चढवावें लागे. मुलगा आणि सून चार दिवस परगांवीं गेलीं होतीं. घरांत मी, माझी पत्नी आणि माझी नव्वदीची आई. संध्याकाळीं मीं हातानेंच पंप लावून टाकी भरून घेतली, हौदांत आणखी दोन हजार लिटर तरी पाणी शिल्लक राहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं विसरायला नको म्हणून पाटीवर पंपाची वेळ लावून ठेवली. दुपारचे बारा, पंचेचाळीस मिनिटें. पाटी इंग्रजींत होती. बारा लिहिल्यावर तिनें विचारलें, एएम कीं पीएम? अक्षरें तांदळाच्या दाण्याएवढीं. एएम म्हणजे सकाळचें आणि पीएम म्हणजे संध्याकाळचें, एवढी जाण मला होती. सकाळचे दहा, अकरा, आणि त्यांच्या पाठोपाठ बारा. तेव्हां बाराही त्याच बाजूचे असणार, असा हिशेब करून मीं एएमवर बोट ठेवलें.

रात्रीं बारा वाजतां पंप सुरू झाला. टाकी आधींच भरलेली. हौदांतलें सारें पाणी गच्चीवरून पन्हाळीनें गटारांत गेलें. आम्ही तिघेंही झोपलेलों होतों. सकाळीं दोन घरें सोडून राहणाऱ्या बाई हंडा घेऊन आल्या. त्यांच्याकडे हौद नाहीं. पाणी न येण्याच्या दिवशीं दोन हंडे त्या आमच्याकडून नेत असत. हौदाचें झांकण उघडून त्यांनीं आंत पाहिलें, पुन्हां झांकण लावलें आणि एवढेंच म्हणाल्या, "रात्रीं पाणी पडल्याचा आवाज येत होता. मला वाटलें, तुमच्याकडे आज जास्त आलें असेल." त्या रिकामा हंडा घेऊन परत गेल्या. त्या दिवशीं कोणी मला मारलें असतें तर इतकें लागलें नसतें.

मुलगा परत आल्यावर म्हणाला, "बाबा, नीट वाचून लावायला हवें होतें." तो चुकीचें बोलला असें मी म्हणत नाहीं. परंतु माझी पत्नी जें बोलली तें माझ्या मनांत राहिलें. ती म्हणाली, "अहो, बत्तीस वर्षें साऱ्या शाळेचें वेळापत्रक केलेंत, आणि घरच्या एका पंपाचें जमलें नाहीं? असें कसें झालें?" विचारलें थट्टेनें, परंतु प्रश्न खरा होता. असें कसें झालें?

वर्गांतला माझा एक जुना नियम आहे. एखाद्या प्रश्नाचें उत्तर एका मुलाचें चुकलें, तर तें त्या मुलाचें चुकलें. अर्ध्या वर्गाचें चुकलें, तर प्रश्नच चुकला. म्हणून मीं शोध घेऊं लागलों कीं, या परीक्षेंत एकटा मीच नापास झालों, कीं माझ्यासारखे आणखी कोणी आहेत.

तेव्हां अमेरिकेंतील एक हकीकत माझ्या वाचनांत आली. तिकडे थंडी फार. घर ऊबदार ठेवण्याच्या यंत्राला किती ऊब हवी हें सांगणारा एक चौकीदार भिंतीवर असतो, त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. १९५३ मध्यें हनीवेल कंपनीनें हेन्री ड्रेफस या कल्पक रचनाकाराकडून एक गोल थर्मोस्टॅट करवून घेतला. भोंवतालचें कडें फिरवायचें आणि आकडा पाहायचा; त्याला शिकवणी लागत नसे. पुढें विजेवर चालणारे हुशार थर्मोस्टॅट आले. आठवड्याचे सात दिवस, दिवसाचे चार भाग, म्हणजे एकूण २८ नोंदी त्यांत करून ठेवाव्या. घरीं कोणी नसतां किंवा सारे झोपले असतां यंत्रानें आपण होऊन ऊब कमी करावी आणि इंधन वाचवावें, असा बेत होता. बेत उत्तम होता. १९९५ पासून तेथील सरकारच्या 'एनर्जी स्टार' योजनेंत अशा थर्मोस्टॅटांना बचतीचें मानचिन्ह मिळूं लागलें. परंतु ३१ डिसेंबर २००९ रोजीं तें मानचिन्ह काढून घेण्यांत आलें. कारण कागदावर दिसणारी बचत घरांघरांत होते असें दाखवितां येईना.

असें कां झालें, याचा तपास कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे अॅलन मायर आणि त्यांचे सहकारी यांनीं केला आणि २०११ मध्यें तो प्रसिद्ध केला. ज्यांना विचारलें त्यांपैकीं जवळजवळ शेंकडा ९० लोकांनीं सांगितलें कीं, आठवड्याचें वेळापत्रक लावण्याच्या भानगडींत आम्ही क्वचितच पडतों, किंवा पडतच नाहीं. त्यांनीं थर्मोस्टॅटांचीं छायाचित्रें मागविलीं, तेव्हां सुमारें शेंकडा २० यंत्रांवर घड्याळच चुकीचें असल्याचें आढळलें. आणि जवळजवळ निम्म्या लोकांनीं वेळापत्रक बाजूला सारून 'आहे तसेंच राहूं दे' अशी कायमची कळ दाबून ठेवली होती.

निम्मा वर्ग! आणि हे लोक कांहीं अडाणी नव्हते. श्रोतेहो, तें वाचल्यावर माझ्या मनावरचें ओझें थोडें उतरलें. प्रश्नच चुकला होता. मग मीं माझ्या जुन्या वेळापत्रकाकडे नव्या नजरेनें पाहिलें. तें कां चालत होतें, याचीं कांहीं कारणें मला सांपडलीं, आणि त्यांतच चांगल्या पाटीचीं लक्षणें आहेत असें माझें मत झालें. तीं आतां क्रमानें सांगतों.

पहिलें कारण असें कीं, तें सारें एका दृष्टिक्षेपांत दिसे. उभे सहा वार, आडवे आठ तास. कोणता तास रिकामा आहे, कोणत्या शिक्षकावर दोन वर्ग एकाच वेळीं आले आहेत, हें शिपाईसुद्धां सांगूं शकत असे. माझ्या घरच्या पाटीवर मात्र एका वेळीं एकच आकडा दिसे. वार एका पानावर, तास दुसऱ्या पानावर, किती वेळ चालवावयाचें तें तिसऱ्यावर. किल्लीच्या भोंकांतून घर पाहावें तसें तें होतें. त्याऐवजीं मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतची एक लांब पट्टी काढावी; रात्रीचा भाग काळसर, दिवसाचा उजळ, मधोमध सूर्य; आणि पंप जितका वेळ चालणार तितका तुकडा तिच्यावर रंगवून दाखवावा. माझा तुकडा पट्टीच्या अगदीं डाव्या टोकाला, काळ्या भागांत पडला आहे, हें मला तेव्हांच दिसलें असतें.

दुसरें कारण भाषेचें. आपण वेळ सांगतांना नुसता आकडा सांगत नाहीं. पहाटेचे चार, दुपारचे बारा, रात्रीचे दहा असें म्हणतों. एएम आणि पीएम हीं लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें; एकाचा अर्थ मध्यान्हापूर्वीं आणि दुसऱ्याचा मध्यान्हानंतर. आतां भर मध्यान्हाचे बारा हे मध्यान्हापूर्वींही नाहींत आणि नंतरही नाहींत. त्यांना पीएम म्हणावें हा निव्वळ संकेत आहे, आणि संकेत ज्याला ठाऊक नाहीं त्यानें तर्कानें कितीही विचार केला तरी तो चुकण्याचा संभव उरतोच. आमची रेल्वे यांतून चोवीस तासांच्या घड्याळानें सुटली. परंतु तिकडेही मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनीं सुटणारी गाडी एक दिवस उशिरां गांठावयास जाणारे प्रवासी आपण पाहिलेच असतील. याचें कारण आपल्या मनांतला दिवस मध्यरात्रीं बदलत नाहीं. पंचांगांतला वार सूर्योदयाला बदलतो, आणि रविवारीं रात्रीं एक वाजतां म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रविवारचीच रात्र उभी राहते. यंत्राच्या हिशेबीं मात्र तेव्हां सोमवार लागलेला असतो. तेव्हां पाटीनें नुसतें 'सोम १.००' असें न लिहितां 'रविवारची रात्र उलटून १ वाजतां' असें स्पष्ट सांगावें. चार शब्द अधिक लागतील. परंतु हौद वाचेल.

तिसरें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. वाण्याकडे यादी सांगितली, कीं पुड्या बांधण्यापूर्वीं तो ती मोठ्यानें वाचून दाखवितो. "साखर दोन किलो, तूरडाळ एक, बरोबर?" आपण मान हलविली म्हणजे मग तो तागडी हातांत घेतो. वेळापत्रक लावल्यावर पाटीनेंही असेंच वाचून दाखवावें: "आज रात्रीं १२ वाजतां, म्हणजे आणखी पांच तासांनीं, पंप सुरू होईल आणि पाऊण तासानें बंद होईल. बरोबर?" यांतले 'आणखी पांच तासांनीं' हे शब्द मला दिसते, तर मी जागच्या जागीं उडालों असतों. माझ्या पाटीनें त्या वेळीं फक्त एक हिरवी बरोबरची खूण दाखविली. मुलाची वही न वाचतांच बरोबर म्हणणारा मास्तर जितका उपयोगाचा, तितकीच ती खूण.

चौथें कारण बदली तासाचें. शाळेंत एखादे गुरुजी आजारी पडले, तर आम्ही भिंतीवरचें वेळापत्रक खोडीत नसूं. बदली तासांची एक लहान वही निराळी असे. त्या दिवसापुरता बदल तींत लिहावयाचा. दुसऱ्या दिवशीं मूळ क्रम आपोआप पुढें चालू. घरांतही असेंच असतें. आज पाहुणे आले आहेत, आज पाणी उशिरां आलें, उद्यां पहाटे गांवाला जायचें आहे. अशा वेळीं पाटीवर 'आजच्यापुरतें' अशी एक ठळक जागा हवी, आणि रात्र उलटली कीं तो बदल आपण होऊन मिटला पाहिजे. अमेरिकेंतल्या त्या निम्म्या लोकांनीं कायमची कळ दाबून ठेवली, त्यांतल्या पुष्कळांना असा बदली तासच हवा असावा, अशी माझी आपली समजूत आहे.

पांचवें कारण बोटाचें. खडूनें फळ्यावर लिहितांना हाताला फळा लागतो. विजेचें बटण दाबलें कीं टिक् असा आवाज येतो. कांच मुकी असते. बोटाच्या स्पर्शानें पडद्यावर काम करून घेण्याची कल्पना इंग्लंडांत मालव्हर्न येथील रडार-संशोधन संस्थेंतील ई. ए. जॉन्सन यांनीं १९६५ मध्यें मांडली, आणि ती विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या शिक्षित माणसांसाठीं होती. आपल्या घरांत तीच कांच कणीक मळतां मळतां, ओल्या हातानें, चष्मा दुसऱ्या खोलींत राहिलेला असतांना वापरावी लागते. हल्लींच्या कांचेला बोट ओळखूं येतें तें त्याच्या विद्युत्-गुणावरून. पाण्याच्या थेंबांनीं ती गोंधळते. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानें १९५४ मध्यें प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, खूण जितकी लहान आणि जितकी दूर, तितका हाताला ती गांठावयास वेळ अधिक. अँड्रॉइड फोनांसाठीं गूगलनें घालून दिलेल्या नियमांतही दाबावयाची जागा सुमारें ९ मिलिमीटर लांबरुंद असावी असें म्हटलें आहे. माझ्या पाटीवर एएम आणि पीएम यांमध्यें एक नखही मावत नव्हतें. म्हणून खुणा मोठ्या असाव्या, एकमेकींपासून दूर असाव्या, दाबल्यावर लहानसा आवाज व्हावा. वेळेचे आकडे चक्राप्रमाणें गरगर फिरविण्यापेक्षां 'पाव तास आधीं' आणि 'पाव तास नंतर' अशीं दोन मोठीं बटणें म्हाताऱ्या बोटांना सोयीचीं. चालू-बंद हें केवळ लाल-हिरव्या रंगानें दाखवूं नये. तो भेद न कळणारीं माणसें विरळ नाहींत. रंगाच्या जोडीला शब्द लिहावा.

आणखी दोन गोष्टी थोडक्यांत सांगतों. वीज जाऊन आली म्हणजे पाटीचें घड्याळ आपण होऊन बरोबर व्हावें. तें शक्य नसेल, तर 'मला वेळ ठाऊक नाहीं' असें तिनें मोठ्या अक्षरांत कबूल करावें, आणि कबुली दिल्यावर पंपाला हात लावूं नये. दुसरें, पाटी कितीही शहाणी असली तरी तिच्या शेजारीं एक साधें, हातानें दाबावयाचें बटण असावें, आणि तें दाबतांच पंप थांबावा. माझी आई पाटी वाचूं शकत नाहीं. परंतु तसें बटण असतें आणि आवाजानें ती जागी झाली असती, तर तिनें तें नक्कीच दाबलें असतें.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, आतां तुम्हीं जुन्या माणसांनीं थोडें शिकून घ्यावें. शिकण्याला माझी ना नाहीं. जन्मभर दुसऱ्यांना तेंच सांगत आलों. परंतु घर ही शाळा नव्हे. पाटी बनविणारा तीन महिने तिच्याबरोबर राहतो. वापरणारा आठवड्यांतून दोन मिनिटें, तींही घाईंत. शिकण्याचा भार कोणावर टाकावा, हें यावरून ठरवावें. बनविणारांना माझी एवढीच विनंति आहे कीं, पाटी बाजारांत आणण्यापूर्वीं ती चार-पांच घरांत न्यावी. घरांतल्या आजीला, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना, दहा वर्षांच्या नातवाला "उद्यां दुपारीं बाराला पंप लावा" एवढेंच सांगावें, आणि मग हाताची घडी घालून, तोंड मिटून नुसतें पाहावें. तोंड मिटून ठेवणें हें मास्तरला जितकें अवघड, तितकेंच इंजिनियरालाही अवघड जाईल. परंतु कोणाचें बोट कोठें अडखळतें, हें त्यांना त्या दहा मिनिटांत कळेल.

आणि ज्यांच्या घरांत पाटी आधींच आली आहे, त्यांना माझा अनुभव सांगतों. मीं एक जुना ड्रॉइंग-पेपर काढला, आठवड्याचे सात वार आणि चोवीस तास आंखले, पंप, गीझर आणि दिवे यांच्या वेळा तीन रंगांनीं भरल्या, आणि तो कागद पाटीशेजारीं चिकटविला. मुलानें तो पाहिला, कांहीं न बोलतां पाटीच्या आंतल्या चौथ्या पानावर जाऊन चोवीस तासांचें घड्याळ लावून दिलें, आणि मग म्हणाला, "बाबा, हें तुम्हांला आधींच दाखवायला हवें होतें." आतां दुपारचे बारा हे तिच्यावर बाराच दिसतात आणि रात्रीचे बारा शून्य दिसतात. तरीही वेळ लावली कीं मी ती पत्नीला मोठ्यानें वाचून दाखवितों. तिनें "बरोबर" म्हटल्यावरच बोट ठेवितों.

त्या शेजारच्या बाई हल्लीं पुन्हां हंडा घेऊन येतात. मधल्या एका दिवशीं त्या भिंतीवरच्या कागदापुढें उभ्या राहिल्या, बोटानें ओळ धरून त्यांनीं वाचलें आणि विचारलें, "म्हणजे गुरुजी, मंगळवारीं साडेबाराच्या पुढें आलें तर पाणी मिळेल ना?"

"मिळेल," मीं म्हटलें.

त्यांना कोणीं कांहीं शिकविलें नव्हतें. वेळापत्रक असें असावें.